अकरावी निरोगी बाई

दवाखान्याच्या सहाव्या मजल्यावर मेंदूचं संशोधन चालायचं, आणि ते संशोधन सहाव्या मजल्यापर्यंत पोचवायचं काम लिफ्टमनचं होतं. एकोणतीस वर्षं तो ते करत होता. शास्त्र कुठे चाललंय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण वर काय जातं आणि खाली काय येतं एवढ्यावरून त्याला बरंच समजायचं.

पहिल्यांदा वर जायचे ते पुठ्ठ्याचे खोके. त्यांत लाल-पांढरे ठोकळे, चित्रांचे पत्ते, एक स्टॉपवॉच आणि ढीगभर पेन्सिली. त्या काळी एकेक पेशंट महिनामहिना बघायचे. एक माणूस ताटातलं फक्त उजव्या बाजूचं खायचा, डावी बाजू म्हणून काही असते हेच त्याच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. एका बाईला नवऱ्याचा चेहरा ओळखू येईना, आवाज ऐकला की मगच ओळखायची. लिफ्टमनला वाटायचं, हिचं तसं बरं चाललंय. अशा एकेका माणसावर साहेब लोकांनी जाडजूड लेख लिहिले.

मग खोके खाली आले, भंगारात गेले, आणि एक मशीन आलं. ते लिफ्टमध्ये मावेना, म्हणून तळमजल्याची भिंत फोडून तिथंच बसवलं. पुढची काही वर्षं वर फक्त फोटो गेले. मेंदूवर लाल ठिपका, पिवळा ठिपका. राग आला की ठिपका इथे, खोटं बोललं की ठिपका तिथे. साहेब लोक लिफ्टमध्ये ठिपक्यांवरून भांडायचे आणि सहावा मजला आला की गप्प व्हायचे. नंतर ठिपकेही मागे पडले. एका जागेचं एकच काम असं मेंदूत नसतं, सगळ्या जागा एकमेकींत गुंतलेल्या असतात, असं ठरलं. हे कुठल्याही भरल्या घरातल्या सुनेनं फुकट सांगितलं असतं. मग कॉम्प्युटरच्या काळ्या पेट्या आल्या. वीस-पंचवीस माणसांवर आता भागेना, हजारांनी लागायला लागली. आणि हल्ली वर जायची ती पंचविशीतली पोरंपोरी, हातात एकेक टॅबलेट, बाकी काही नाही. लिफ्टला तेवढाच आराम.

एवढं सगळं बदललं, एक गोष्ट बदलली नाही. गरिबाच्या डोक्याला मशीन लावायला सगळ्यांना वेळ होता, त्याच्या तोंडाशी कान न्यायला कुणालाच नव्हता.

लिफ्टमनची बायको त्याच दवाखान्याच्या शिवणकाम विभागात होती. फाटक्या चादरी सांधायच्या, उशांच्या खोळी शिवायच्या, पेशंटच्या गाऊनला नाड्या लावायच्या. बावीस वर्षं झाली होती. गेल्या महिन्यात तिनं त्रेचाळीस गाऊनचे गळे शिवून बंद केले. टाका असा सरळ आणि बारीक की वॉर्डातल्या नर्सला पहिल्या दोन गाऊनपर्यंत वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय.

विभागाच्या प्रमुखबाईंनी मेमो दिला. त्यांचं आणि हिचं आठवडाभर आधीच शिलाईच्या नव्या मशीनवरून वाजलं होतं, त्यामुळे मेमोत लिहिलं होतं: मुद्दाम केलेलं नुकसान. चौकशी सोमवारी. आजाराचा कागद आणला तर प्रकरण मिटेल, औषधपाणी सुरू होईल, आजारपणाखाली सन्मानानं घरी जाता येईल. नाही आणला तर बावीस वर्षांच्या नोकरीच्या शेवटी तो एक शब्द कायमचा चिकटणार.

"आळशी म्हणा, आंधळी म्हणा," बायको म्हणाली. "पण मुद्दाम? मी काय एवढी रिकामटेकडी आहे?"

तेवढ्यासाठी गुरुवारी दोघं सहाव्या मजल्यावर आली. चाचणी घेणारी मुलगी नवी होती. लिफ्टमन तिला मनातल्या मनात टॅबलेटवाली म्हणायचा.

"मावशी, आज वार कोणता?"

"तुझ्यामागं कॅलेंडर आहे. बघून सांगू का न बघता?"

"न बघता."

"मग राहू दे."

टॅबलेटवालीनं टॅबलेटवर काहीतरी टिपलं. "मी बारा शब्द वाचणार आहे. ते लक्षात ठेवायचे."

"कशाला? तुझ्याकडे लिहिलेलेत की."

मुलीला हसू आलं, ते तिनं आवरलं. शब्द तीनदा वाचले. मग वीस मिनिटं दुसरंच काहीबाही करून घेतलं, घड्याळ काढा, ठोकळे जुळवा. आणि मग विचारलं, "मघाचे शब्द सांगा."

"कसले शब्द?"

मागच्या खुर्चीत लिफ्टमननं पाय आवळून घेतले. सोबतच्या माणसानं बोलायचं नाही असा नियम होता.

"ते होय," बायको सावकाश म्हणाली. "सुतार. घंटा. नदी." बराच वेळ गेला. "टोपी."

"अजून?"

"बाकीचे राहू देत तुझ्याकडेच."

टॅबलेटवर हिरवी पट्टी आली. मुलीनं ती वाचली, पुन्हा वाचली, आणि कपाळाला आठी घालून म्हणाली, "मावशी, तुम्ही नॉर्मल आहात. वयाच्या आणि शिक्षणाच्या मानानं."

बायकोचा चेहरा क्षणभर खुलला. मग उतरला. "म्हणजे ते गाऊन मी शुद्धीवर असताना शिवले."



"बारापैकी चार शब्द, आणि नॉर्मल?" लिफ्टमननं नियम मोडला.

"तुमच्या गटाला, म्हणजे चौथीपर्यंत शिकलेल्यांना, रेघ तिनावर आहे. तीन किंवा खाली आलं तरच आजार धरायचा."

"आणि शिकलेल्यांना?"

"सात."

म्हणजे शिकलेला माणूस विसरला तर तो आजार, आणि न शिकलेला विसरला तर तो त्याचा स्वभाव. मुलीलाही ते पटलेलं दिसत नव्हतं. तिनं टॅबलेट त्याच्यापुढे धरला. "मी ठरवलेलं नाही, काका. हा बघा तक्ता. आपल्या इथल्याच मोठ्या मॅडमनी सत्तावीस वर्षांपूर्वी केलेला. बाहेरच्या देशांतल्या शिकल्यासवरल्या लोकांच्या मापानं आपल्या माणसांना मोजू नका, आपलं माप आपण करू, म्हणून केला. चांगलंच काम होतं ते."

लिफ्टमननं वाचलं. वय पंचावन्न आणि वर, शिक्षण चौथीपर्यंत. निरोगी व्यक्ती: अकरा. सर्वांत जास्त: आठ. सर्वांत कमी: शून्य.

त्या अकराच्या अकरा निरोगी व्यक्तींना तो नावानिशी ओळखत होता. त्यानंच त्यांना लिफ्टमधून वर नेलं होतं.

सत्तावीस वर्षांपूर्वी मॅडम म्हणजे पेन्सिलींचा खोका सांभाळत जाणारी एक रडकुंडीला आलेली विद्यार्थिनी होती. लिफ्टमध्ये ती रोज तेच सांगायची. तिला न शिकलेली, वयस्कर आणि निरोगी माणसं पाहिजे होती. दवाखान्यात येणारी माणसं आजारी असतात, आणि निरोगी असतात त्यांना यायला सवड नसते. "किती पाहिजेत?" लिफ्टमननं एके दिवशी विचारलं. आणि मग त्यानं आपलं सगळं गणगोत वर चढवलं. दोन मामा, एक मामी, आत्या, आत्याचे मालक, मावशी, चुलत चुलते, त्यांची बायको, आणि मामीच्या दोन बहिणी. दहा झाली. मामीनं तर ठोकळे जुळवून झाल्यावर अजून आहेत का म्हणून विचारलं.

मग परीक्षकाचं पत्र आलं, संख्या दहाच्या वर पाहिजे. मुदत शनिवारपर्यंत. लिफ्टमनकडे एकच माणूस उरलं होतं. त्याची आई.

आईचं वर्षभर ठीक नव्हतं. तो जाणून होता आणि जाणून घेत नव्हता. फॉर्मवर प्रश्न होता, स्मरणशक्तीची काही तक्रार? आई म्हणाली, नाही. आपण विसरतो हे ती विसरलेली होती. विद्यार्थिनीनं लिफ्टमनकडे पाहिलं. त्यानं मान हलवली आणि सही केली.

त्यानं ते नुसतं तिच्या मुदतीसाठी केलं नव्हतं. त्याला कागद पाहिजे होता. आणि तो मिळाला. वर दवाखान्याचं नाव, खाली शिक्का, मध्ये लिहिलेलं, निरोगी व्यक्ती म्हणून सहभाग. तो कागद त्यानं घरी नेला आणि बायकोपुढे धरला. तेव्हा आई रोज उठून सुनेवर चोरीचा आळ घेत होती. "बघ," तो म्हणाला होता, "मोठ्या दवाखान्यातून लिहून आणलंय. आई धडधाकट आहे. तुलाच तिच्याशी जुळवून घेता येत नाही."

आई त्यानंतर पाच वर्षं जगली. तेवढी वर्षं बायको चोर होती.

शुक्रवारी सकाळी लिफ्टमन एकटाच मॅडमच्या केबिनमध्ये गेला. टॅबलेटवालीही तिथं होती. त्यानं सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच. मॅडमना आता पांढरे केस आले होते, भिंतीवर मानपत्रं आली होती.

"एक आकडा काढला तर काय होतं?" मॅडमनी मुलीला विचारलं.

तक्त्यातलं ते शून्य तिलाही खटकलं होतं, तिनं रात्रीच करून पाहिलं होतं. "शून्य काढलं की रेघ तिनावरून पाचावर जाते. बाकीची दहाही माणसं सहा ते आठमध्ये आहेत. एकाच आकड्यानं पुरी रेघ खाली ओढलीय. मावशींचे चार मग सरळ आजारात येतात."

"हा तक्ता चारशे बारा लेखांत वापरलाय," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे चारशे बारा ठिकाणी माझी आई आहे," लिफ्टमन म्हणाला.

"आणि माझ्या एकटीच्या टॅबलेटवर," मुलगी खाली मान घालून म्हणाली, "दोन वर्षांत चार आणि पाच शब्दवाल्या एकतीस बायका-माणसं मी नॉर्मल म्हणून घरी पाठवली. नवा तक्ता होतोय, दोन हजार लोकांवर. पण त्याला अजून दोन वर्षं लागतील."

एकतीस. लिफ्टमनला वाटलं होतं, आपलं खोटं आपल्या घरात राहिलं. ते टॅबलेटमध्ये बसून दारोदार फिरत होतं. आणि त्या एकतीस घरांत आता कोण कुणाला मुद्दाम करतेस म्हणत असेल, ते मोजायला कुठलंही मशीन नव्हतं.

मॅडमनी बराच वेळ पेनाचं टोपण काढलं, लावलं. "तुमच्यावर विश्वास कसा ठेवू, लिफ्टदादा? तेव्हा फॉर्मवर सही तुमची. आज बायकोची नोकरी अडकलीय म्हणून उलटं सांगताय. उद्या मला कुणी विचारलं तर मी काय दाखवू?"

मॅडमचं चुकत नव्हतं. हीच तर पंचाईत होती.

"त्या वर्षी तुमच्या आईबरोबर घरात आणखी कोण होतं?" मुलीनं विचारलं. "दिवसभर जवळ असणारं कुणी? त्यांच्याकडून प्रश्नावली भरून घेता येईल. जुन्या गोष्टींवर तशी घेतात."

लिफ्टमन भिंतीवरची मानपत्रं बघायला लागला. त्याला हे प्रकरण खाली बायकोपर्यंत न उतरवता इथेच मिटवायचं होतं.

"कोण होतं, दादा?" मॅडमनी विचारलं.

"बायको."

"जिची स्मरणशक्ती गेलीय, तीच साक्षीदार," मॅडम म्हणाल्या.

"कालचं जातं," मुलगी म्हणाली. "सत्तावीस वर्षांपूर्वीचं पक्कं असतं. हे तुम्हीच शिकवलंत."

दुपारी तो बायकोला घेऊन आला. वाटेत एवढंच म्हणाला, "आईबद्दल विचारणार आहेत."

"कुणाच्या आईबद्दल?"

"माझ्या."

"आता काय राहिलंय विचारायचं? जाऊन बावीस वर्षं झाली. मी त्यांचं काही घेतलं नव्हतं, एवढं मात्र लिहून घ्या म्हणावं."

मॅडमनी प्रश्नावली पुढे ओढली. एकूण सोळा प्रश्न. "वस्तू कुठे ठेवल्या ते सासूबाई विसरायच्या?"

"विसरायच्या कसल्या, लपवायच्या. आणि नाव माझं. अंगठी मिठाच्या बरणीत सापडली. मी भाजीत मीठ घालताना हाताला लागली. तर म्हणाल्या, चोरीचा माल बरा सापडतो तुला."

"कधीची गोष्ट?"

"पोरगी चालायला लागली त्या महिन्यातली. चष्मा उशीच्या खोळीत. माझी नवी शाल कात्रीनं कापली, आणि शेजारणीनं कापली म्हणाल्या. शेजारीण तेव्हा गावाला होती."

टॅबलेटवाली भराभर लिहीत होती. काल बारापैकी चार शब्द सांगणारी बाई आज वारासकट सांगत होती. मंगळवार होता, म्हणाली, कारण नळाला पाणी नव्हतं.

"रोजच्या वापरातली यंत्रं हाताळणं जड जायचं?"

"शेगडीचं बटण कुठल्या बाजूला फिरवायचं ते रोज पहाटे विचारायच्या. मला उठवून. मला वाटायचं, मुद्दाम..."

बायको थांबली.

तिनं प्रश्नावलीकडे पाहिलं, मग मॅडमकडे. "हे कशाबद्दल चाललंय, बाई?"

"त्या वर्षी तुमच्या सासूबाईंना हा आजार होता का, ते ठरवायचंय. असला, तर तुमची रेघ बदलते."

"कसा असेल? यांनी कागद आणला होता. शिक्क्याचा."

"कागद मीच दिला होता," मॅडम म्हणाल्या. आणि मग, कुणी विचारलं नसताना: "बारापैकी शून्य बघून मलाही शंका आली होती. गाईडना विचारलं. ते म्हणाले, दहाच्या वर पाहिजेत ना, मग ठेव."

बायकोनं मान वळवली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

लिफ्टमनजवळ सत्तावीस वर्षांत तयार केलेली बरीच उत्तरं होती. "होतं," तो म्हणाला.

खोलीत पंखा चालू होता. मॅडमनी टोपण लावलं. बायकोनं डोळ्यांना पदर लावला नाही. शिवताना दोरा संपला की सुईकडे बघावं तशी ती नवऱ्याकडे पाहत होती.

"पुढचा प्रश्न विचारा," ती म्हणाली.

अजून नऊ प्रश्न होते. तिनं नऊही नीट सांगितले, पण आता सांगणं बदललं होतं. लपवायच्या म्हणेना, ठेवलेलं आठवायचं नाही म्हणाली. भांडायच्या म्हणेना, घाबरायच्या म्हणाली. एकदा भर रस्त्यात सासूनं तिचा हात धरून विचारलं होतं, तुमचं घर कुठंय हो? "मला वाटलं चारचौघांत अपमान करतायत. मी हात झटकून टाकला," ती म्हणाली. "हे पण लिहा."

"ते प्रश्नात नाहीये, मावशी."

"तरी लिहा."

मुलीनं समासात लिहिलं.

मॅडमनी जुना फॉर्म कपाटातून काढला, त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: अकरावी व्यक्ती निरोगी नव्हती, वगळली. त्याखाली सही केली. नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र टाइप करायला त्यांनी मुलीला सांगितलं. "आणि ती एकतीस माणसं. सगळ्यांना फोन लाव. उद्या नाही, आजच."

मग बायकोचा नवा अहवाल आला. पट्टी लाल. स्मृतीत ठळक बिघाड, कामातील चुका आजारामुळे. शिक्का. सोमवारी चौकशीत हा कागद दाखवला की 'मुद्दाम' हा शब्द काढावा लागणार होता.

बायकोनं कागद वाचला, घडी घातली आणि मॅडमना विचारलं, "म्हणजे त्यांना झालं तेच मला?"

"तसंच दिसतंय. पण तुमचं लवकर लक्षात आलंय. औषधं आहेत, थोडं लांबवता येतं."

"मग आत्ताच सांगून ठेवते. पुढं मी कुणावर तरी आळ घेणार. घरात सून नाही, पोरगी लांब दिलीय." तिनं नवऱ्याकडे न बघता बोट केलं. "यांच्यावरच घ्यावा लागेल. तेव्हा यांना कागद बिगद देऊ नका."

टॅबलेटवाली हसली आणि मग हसू नये असं तिच्या लक्षात आलं.

लिफ्टमन पुढे होऊन लिफ्टचं दार धरून उभा राहिला. बायको त्याच्यासमोरून गेली आणि जिन्याकडे वळली.

"अगं, सहा मजले आहेत. गुडघे..."

ती उतरायला लागली. कठड्याला धरून, एक पाय खाली, मग दुसरा त्याच्याशेजारी.

तो लिफ्ट घेऊन पाचव्यावर आला, दार उघडून उभा राहिला. ती आली, पुढून गेली. चौथ्यावर तसंच. तिथं दोन डॉक्टर आत शिरायला लागले, त्यांना तो म्हणाला, "बंद आहे." एकोणतीस वर्षांत तो हे पहिल्यांदाच बोलला होता, लिफ्ट चालू असताना.

तिसऱ्यावर ती यायला बराच वेळ लागला. आली तेव्हा धापा टाकत होती. लिफ्टच्या उघड्या दारासमोर थांबली, घडी केलेला कागद छातीशी धरून.

"हा कितवा?" तिनं विचारलं.

दाराच्या वर मोठा आकडा लिहिलेला होता. ती विसरली होती, की चष्मा वर राहिला होता, की आणखी काही, ते त्याला कळलं नाही, आणि विचारायचा हक्क आता आपल्याला नाही एवढं कळलं.

"तिसरा," तो म्हणाला.

"अजून तीन आहेत मग," ती म्हणाली, आणि कठडा धरला.

लिफ्टमननं लिफ्टचा स्विच बंद केला, दार ओढलं, आणि तिच्यामागून दोन पायऱ्या सोडून उतरायला लागला. खालून कुणीतरी बेल दाबत होतं. दाबत राहिलं.